अन्वय, व्यतिरेक आणि एका जीवनसत्त्वाचं दार

कारण म्हणजे काय, हे आपण न्यायशास्त्राच्या अंगानं पाहत आहोत. धूर आणि अग्नी पुष्कळ झाले. आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेऊ.

दह्यावर सुटणारं पाणी हिरवट-पिवळं दिसतं ना? तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. अन्नातून ऊर्जा काढायला प्रत्येक पेशीला ते लागतं. ते आत घेण्यासाठी पेशीच्या पटलात प्रथिनांची दारं असतात. त्यांतलं एक दार ४४५ अमिनो आम्लांचं आहे. त्याच्या जनुकाचं नाव एसएलसी५२ए२. या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर मुलाचं ऐकणं जाऊ शकतं, हात दुबळे होतात, श्वासाचे स्नायूही थकतात.

गंमत अशी की २००३ साली हेच प्रथिन डुकरातल्या एका रेट्रोव्हायरसचं माणसाच्या पेशीतलं प्रवेशद्वार म्हणून ओळखलं गेलं होतं. जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नंतर कळला. वस्तू तीच, आपण तिला आधी एकाच बाजूनं पाहिलं होतं.

आता मुख्य प्रश्न. एखाद्या आजारी मुलाच्या या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. तोच आजाराचं कारण, हे कशावरून? निरुपद्रवी बदल तर आपल्या सगळ्यांतच असतात. इथे लेंटिव्हायरल क्लोन कामाला येतो. क्लोन म्हणजे जनुकाची, प्रथिन घडवण्यापुरती, डीएनएच्या वर्तुळात बसवलेली प्रत. लेंटिव्हायरस म्हणजे एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. त्याची रोग पसरवणारी जनुकं काढून टाकलेली असतात. कवच बनवायची सामग्री वेगळ्या वर्तुळांतून पुरवतात. त्यामुळे तो पेशीत एकदाच शिरतो, आपली प्रत तिच्या गुणसूत्रात जोडतो आणि थांबतो. त्याला पुढे संतती नाही.

मग मुलाच्या त्वचेच्या पेशी घ्यायच्या. त्या रायबोफ्लेविन कमी ओढतात. त्यांत निर्दोष प्रत घातली आणि ओढणं सुधारलं, तर हा झाला अन्वय: कारण आहे तिथे कार्य आहे. बदललेली प्रत घातली आणि सुधारलं नाही, तर व्यतिरेक. आणि तिसऱ्या भांड्यात नुसता रिकामा विषाणू. तो का? तर सुधारणा विषाणूच्या शिरण्यामुळे झाली नाही ना, हे पाहायला. नैयायिक ज्याला अन्यथासिद्ध म्हणतात, ते असं बाजूला काढायचं.

तरी जपून बोलावं लागतं. घातलेली प्रत कधी नैसर्गिक प्रमाणापेक्षा फार जास्त प्रथिन बनवते. शिवाय ती गुणसूत्रात कुठे बसेल, हे आपण ठरवत नाही. आणि भांड्यातली पेशी म्हणजे मूल नव्हे.

म्हणून ज्ञान आणि कृती यांचा क्रम इथे वेगळा आहे. या आजारात मोठ्या मात्रेत रायबोफ्लेविन दिल्यानं पुष्कळ मुलांना फरक पडतो, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. त्यामुळे दाट संशय आला की डॉक्टर औषध सुरू करतात. जनुकाच्या अहवालासाठीसुद्धा थांबत नाहीत. मग प्रयोग कशाला? तर आज एका मुलासाठी लागलेला निर्णय उद्या तोच बदल घेऊन जन्मलेल्या दुसऱ्या मुलाला वाट दाखवतो.

निश्चय होईपर्यंत थांबणं हा तर्काचा धर्म. थांबणं परवडतं का, हे विचारणं विवेकाचा. पुढच्या वेळी याच धाग्यावरून संशय या विषयाकडे वळू.