पानाच्या पोटातला भुंगेरा

‘खाचरात पाणी हाय, मग भात पांढरं का पडलं?’ गेल्या आषाढात आजरा तालुक्यातील आमच्या गावी चुलत्यांनी मला हा प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलो. ‘बुकं शिकून एवढं बी कळंना व्हय रं?’ असे म्हणून ते पुढे गेले. तो टोमणा मनाला लागला, म्हणून बांधावर बसून एक पान नीट पाहिले.

पानावर शिरांना समांतर अशा बारीक पांढऱ्या रेघा होत्या आणि शेंड्याकडे फोडासारखे पांढुरके चट्टे. पान उजेडासमोर धरले तेव्हा एका चट्ट्यात काही हलताना दिसले. ती हिस्पा या काटेरी भुंगेऱ्याची अळी होती.

भुंगेरा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, निळसर काळा आणि अंगभर काटे असलेला. ऑलिव्हिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1808 साली त्याचे वर्णन केले व नाव दिले ‘आर्मिजेरा’, म्हणजे शस्त्रधारी. आपल्याकडील या भुंगेऱ्यांवर समरेंद्र मौलिक यांनी 1919 साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत एक स्वतंत्र खंड लिहिला.

पण खरी गंमत त्याच्या बालपणात आहे. मादी कोवळ्या पानाच्या शेंड्याजवळ एकेक अंडे पानाच्या आतच घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते. बाहेर म्हणजे अंड्याच्या बाहेर, पानाच्या नव्हे! पानाचा वरचा आणि खालचा पापुद्रा तसाच ठेवून ती मधला हिरवा गर खाते. कागदाहून फार जाड नसलेल्या या घरात राहायचे, म्हणून तिचे अंगही चपटे. आठ-दहा दिवस खाऊन ती तिथेच कोष करते, आणि आणखी चार-पाच दिवसांनी भुंगेरा पान कुरतडून उजेडात येतो. मग तो पानाचा वरचा भाग खरवडू लागतो. त्या खुणा म्हणजेच पांढऱ्या रेघा. प्रादुर्भाव वाढला की शेत करपल्यासारखे दिसते. बांगला देशात व आसामात याने फार नुकसान केले आहे.

आपल्या भागात ‘निळे भुंगेरे’ म्हणतात ते याचे चुलत भाऊ. त्यांच्या अंगावर काटे नसतात, आणि त्यांची अळी पानाच्या आत शिरत नाही. लांबीने गुंडाळलेल्या पानात बसून खरवडते. दोहोंची गल्लत सर्रास होते.

अळी पानाच्या आत सुरक्षित असल्याने वरवरची फवारणी तिच्यापर्यंत पोचेलच असे नाही. उलट तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या मात्र त्या फवाऱ्याने मरतात. जुना उपाय साधा आहे: लावणीआधी तरव्याचे शेंडे खुडायचे आणि ते जाळायचे किंवा पुरायचे. अंडी शेंड्याकडेच असल्याने ती त्याबरोबर जातात. शेंडे बांधावर टाकून दिले तर मात्र केलेले काम वाया जायचा धोका. नत्रखताचा मारा केला की पाने लुसलुशीत होतात, तेही या किडीच्या पथ्यावरच पडते.

चुलत्यांना हे सांगितले, तर ते हसले. ‘आणि धूळवाफेचं काय?’ मी विसरलोच होतो! आपल्याकडे बरेच भात पावसाआधी कोरड्या मातीत पेरतात. तिथे तरवाही नाही आणि लावणीही नाही, मग शेंडे खुडायचे कधी? तिथे उरतो तो भुंगेरे पकडण्याचा आणि बांधावरचे गवत काढण्याचा उपाय, कारण शेतात भात नसताना ही कीड गवतावर तग धरते.

चुलतीने जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची जाळी शिवून दिली. आम्ही दोघांनी चार दिवस ती रोज सकाळी धूळवाफेच्या वावरातून फिरवली आणि सापडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकले. पाचव्या दिवशी चुलत्यांनी स्वतःहून एक पान खुडले आणि उजेडासमोर धरले.