परक्याला न्याय : साको-व्हान्झेटी खटला

न्यायासनासमोर सर्व समान, असे आपण म्हणतो. परंतु आरोपी परदेशी असला, तर हे तत्त्व कितपत टिकते? या संदर्भात अमेरिकेतील एक जुना खटला आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो.

निकोला साको व बार्तोलोमेओ व्हान्झेटी हे १९०८ साली अमेरिकेत आलेले इटालियन. पहिला जोड्यांच्या कारखान्यातील कामगार, दुसरा मासळीविक्रेता. दोघेही अराजकतावादी विचारांचे. १५ एप्रिल १९२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात पगाराची रक्कम नेणाऱ्या दोघांचा लुटीत खून झाला. त्यासाठी १९२१ साली साको व व्हान्झेटी यांना दोषी ठरविण्यात आले.

तत्पूर्वी व्हान्झेटीवर दरोड्याच्या प्रयत्नाचा वेगळा खटला चालला होता. त्या दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, तो वाम मासळी विकत होता, अशी साक्ष अनेक इटालियन शेजाऱ्यांनी दिली. ज्युरीने ती मानली नाही. दोन्ही खटल्यांचे न्यायाधीश वेबस्टर थेयर हेच होते. न्यायालयाबाहेर ते आरोपींविषयी अनुदार बोलल्याचे पुढे उघड झाले. तरीही फेरखटल्याचे अर्ज त्यांच्याचसमोर आले व त्यांनी ते फेटाळले. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना देहदंड देण्यात आला.

ते निर्दोष होते काय, याविषयी आजही एकमत नाही. १९७७ साली गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनीही त्याचा निर्वाळा दिला नाही. खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, एवढेच जाहीर केले. आमच्या मते मर्म येथेच आहे. न्याय्य सुनावणीचा हक्क दोषी-निर्दोष ठरण्यापूर्वीचा आहे. परक्याच्या बोलीवरून वा गावावरून आपण त्याला चोर समजतो, तेव्हा तो हक्क आपणच हिरावून घेतो.