पिल्लू आईपासून कधी तोडावे?

पौष पुनवेला म्हशाची जत्रा भरते. मुरबाड-शहापूरच्या गावागावांतून आणि घाटावरूनही माणसे येतात. कोणी खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला, कोणी बैलजोडी पाहायला, कोणी वर्षाची घोंगडी घ्यायला. बैल घेताना आपण किती चिकित्सा करतो, हे तुम्हाला सांगायला नको. आधी तोंड उघडून दात बघायचे. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, ते ठरवायचे. मग खूर, वशिंड, चाल. दलालाच्या शब्दावर कोणी बैल दावणीला बांधत नाही.

जत्रेच्या निमित्ताने लेकीबाळी, पाहुणेरावळे घरी येतात. परत जाताना पोरांच्या हट्टापायी कोणाच्या तरी पडवीतले कुत्रीचे पिल्लू पिशवीत घालून नेले जाते. त्याचे दात मात्र कोणी पाहत नाही. ते किती दिवसांचे आहे, हेसुद्धा विचारले जात नाही. "डोळे उघडलेत ना, मग झाले," एवढ्यावर व्यवहार संपतो. आठ दिवसांनी ते पिल्लू हगवण लागून मरते, आणि जगले तर पुढे घरातल्याच पोराच्या हाताला दात लावते. दोष मग कुत्र्याच्या जातीला, नाहीतर नशिबाला.

गावठी कुत्री बहुधा भादव्याच्या आगेमागे माजावर येते. नऊ आठवडे, म्हणजे सुमारे त्रेसष्ट दिवस, ती गाभण असते. पिल्ले होतात कार्तिकात, कधी मार्गशीर्षात. आता पंचांगाचा हिशेब करा. कार्तिकी पुनवेपासून पौष पुनवेपर्यंत एकोणसाठ दिवस होतात, आणि पिल्लू आईपासून तोडायला निदान आठ आठवडे, म्हणजे छप्पन्न दिवस, व्हायला हवेत. कार्तिकी पुनवेला झालेले पिल्लू म्हशाच्या जत्रेला नेमके नेण्याजोगे होते. मार्गशीर्षात झालेले मात्र जत्रेत न्यायचे नाही, ते माघात न्यायचे. एक पुनव गेली तर थांबा, दोन पुनवा गेल्या तर न्या, इतके घरातल्या म्हातारीलाही लक्षात राहील.

आठच आठवडे का? पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात दात फुटू लागतात आणि चौथ्यापासून ते आईच्या ताटलीत तोंड घालू लागते. हे पाहून आपल्याला वाटते की आता ते खाते, मग आईचे काय काम? परंतु त्या वयात ते नुसते चाटत असते. पोट भरते ते आईच्या दुधावरच. कुत्रीचे दूध गाईच्या दुधाहून फार दाट असते. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश दोन्ही दुपटीच्या आसपास असतात, आणि साखर कमी असते. महिन्याच्या पिल्लाला वाटीभर गाईचे दूध पाजले की त्याला पोषण अर्धे मिळते आणि जादा साखरेने पोट सुटते. पाणी घातलेले दूध पाजले तर विचारूच नका. हगवणीने पिल्लू एका रात्रीत सुकते.

दुधाइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्ले दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडून चावाचावी करतात. आपण त्याला मस्ती म्हणतो, पण ती त्यांची शाळा आहे. एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून जाते. आईचे सड चावले की ती गुरगुरते, उठून चालू लागते. दात किती दाबायचा, कुठे सोडायचा, हे पिल्लू असे शिकते. महिन्याचे असताना उचलून आणलेले पिल्लू ही शाळा न शिकताच तुमच्या घरात येते. त्याचे दुधाचे दात सुईसारखे असतात, आणि त्याच्यासमोर हात असतो तो तुमच्या चार वर्षांच्या नातवाचा.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. २०११ साली इटलीतल्या संशोधकांनी एकशे चाळीस कुत्र्यांची माहिती गोळा केली. त्यांतली निम्मी तीस ते चाळीस दिवसांची असताना आईपासून तोडलेली होती आणि निम्मी साठ दिवसांची झाल्यावर. लवकर तोडलेल्यांत विनाकारण भुंकणे, भित्रेपणा, वस्तू फाडणे, खेळताना चावणे हे दोष जास्त दिसले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दल नियम केले. त्यांतही आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला बंदी आहे. तो नियम विकणाऱ्यांसाठी आहे, शेजाऱ्याला फुकट दिलेल्या पिल्लाला कोणी विचारणार नाही, हे खरे. पण पिल्लाचे पोट आणि दात विकत-फुकट ओळखत नाहीत.

"लहान आणले की लळा लागतो" असे मात्र सगळेच म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे म्हणूनच ते टिकून आहे. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून पाहिली आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाला आणि सोबत्यांना ओळखायला शिकते, असे त्यांना आढळले. चौदा आठवडे माणसाचा हातच न लागलेली पिल्ले पुढे रानटीच राहिली. म्हणजे फार उशीर करणेही बरे नाही. परंतु लळा लागायला पिल्लू तुमच्या घरी असण्याची गरज नाही. जिथे जन्मले तिथे रोज दोन-चार माणसांनी त्याला हातात घेतले, पोरांनी (मोठ्यांच्या देखत) गोंजारले, तरी पुरते. ज्याला पिल्लू न्यायचे आहे त्याने पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा जाऊन त्याला भेटून यावे. सोयरीक ठरली म्हणून कोणी मुलगी त्याच दिवशी घेऊन जात नाही.

आता लहान जातींविषयी. एके काळी पामेरियन हा मुंबईच्या बंगल्यातला प्राणी होता. १९९४ च्या 'हम आपके है कौन' मधला टफी घराघरात पोचला आणि पांढरी झुबकेदार कुत्री तालुक्याच्या गावांतही दिसू लागली. (आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, पण नावावरून भांडण नको.) २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीतून चपट्या नाकाचा पग आला. आता कल्याण-मुंबईहून गावी येणारा मुलगा सुट्टीत अशी पिल्ले घेऊन येतो आणि जाताना आईवडिलांकडे ठेवून जातो.

या लहान जातींना आठ आठवडेसुद्धा कमी पडतात. त्यांना दहा ते बारा आठवडे आईजवळ राहू द्यावे, असे जाणकार सांगतात, आणि मला ते पटते. आठ आठवड्यांचे छोट्या जातीचे पिल्लू जेमतेम किलोभराचे, कधी त्याहूनही कमी असते. एवढ्याशा देहात साठा तो किती राहणार? गावठी पिल्लू रात्रभर उपाशी राहिले तर सकाळी ओरडेल. या पिल्लाच्या रक्तातली साखर मात्र चार-सहा तासांच्या उपासाने, प्रवासाच्या धास्तीने किंवा थंडीने एकदम उतरू शकते. ते मलूल होते, थरथरते, पाय लटपटतात, मग झटके येतात. पिल्लू झोपले आहे असे समजून घरचे निर्धास्त राहतात आणि ते हातचे जाते. असे दिसले तर वेळ न दवडता गुळाचे दाट पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कापडात गुंडाळून ऊब द्या आणि तसेच पशुवैद्याकडे न्या.

म्हणून असे पिल्लू आणलेत तर तीन महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे खायला द्या. शेवटचा घास रात्री झोपताना. मऊ भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे कोंबडीचे मांस चालते. रश्शाचा भात, खारवलेले सुकट, कांदा, द्राक्षे देऊ नका. आधीच्या घरी जे खात होते तेच पहिला आठवडा चालू ठेवा आणि मग हळूहळू बदला. पौषाच्या थंडीत म्हशाच्या घोंगडीचा जुना तुकडा त्याच्याखाली घाला. बाहेर अंगणात बांधून ठेवू नका. घाटावरच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. आपल्याकडचा बिबट्या काही निराळा नाही.

पिल्लू विकणारा वय वाढवून सांगतो, हे गृहीतच धरा. इथे बैलाची विद्या कामी येते. पिल्लाचे तोंड उघडा. पुढचे बारीक दात आणि सुळे तीन ते पाच आठवड्यांत येतात, दाढा मागाहून. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे वर चौदा, खाली चौदा असे दुधाचे अठ्ठावीस दात बहुधा पुरे झालेले असतात. मागे नुसतीच हिरडी लागली तर ते दोन महिन्यांचे नाही, मग कोणी काहीही शपथ घेवो. लहान जातीत दात थोडे उशिरा येतात. तिथे दाढा नसल्या तर एवढेच समजा की अजून थांबायला हवे.

दात झाले की आरोग्याचा कागद मागा. आईच्या चिकातून पिल्लाला रोगांपासून संरक्षण मिळते, जसे वासराला मिळते तसेच. पण सहाव्या आठवड्यापासून ते विरत जाते. १९७८ च्या सुमारास जगाला ठाऊक झालेला पार्व्हो नावाचा रोग नेमका याच वेळी गाठतो. उलट्या, रक्ताची घाण वासाची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत शेवट. त्याचे विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतात, म्हणून ज्या घरात पिल्लू असे मेले तिथे लगेच दुसरे आणू नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचे होईपर्यंत. जंत तर पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यावे लागते, तेही वजन करून पशुवैद्याने सांगितले तेवढेच. हे जंत माणसाच्या पोरांनाही बाधतात. पिल्लाशी खेळून आलेल्या मुलांना जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा.

पिसाळ रोगाची लस मात्र तीन महिन्यांआधी देत नाहीत. तोवर पिल्लू उघडेच असते, आणि पिल्लालाही पिसाळलेले कुत्रे चावू शकते. "एवढेसे पिल्लू, त्याचे काय?" असे म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतते, कारण हा रोग एकदा दिसू लागला की माणूस वाचत नाही. दात लागला किंवा ओरखडा निघाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. डॉक्टर सांगतील त्या तारखांच्या सगळ्या सुया पुऱ्या करा. पहिली घेतली, बरे वाटले, उरलेल्या राहिल्या, असे करू नका. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही टोचावे लागते.

मादी पिल्लांबद्दल एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. नर आधी उचलले जातात आणि उरलेल्या माद्या, डोळे उघडतात न उघडतात तोच, गोणीत भरून गावाबाहेर सोडल्या जातात. मोहनपूरच्या आयसर कोलकाता संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. २०१६ साली त्यांनी लिहिले की सात महिन्यांपर्यंत त्यांतली पाचातले एकसुद्धा धड पोचले नाही, आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंना माणूस कारण होता. राखणीला मादी नराइतकीच चांगली असते. सहा महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया करून घेतली तर दरवर्षीच्या पिल्लांचा प्रश्नच उरत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याची चौकशी करा.

आणि ज्यांच्या घरी यंदा कुत्री व्याली आहे त्यांनी एवढे करावे: व्याल्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहावा, त्यापुढे छप्पन्न दिवस मोजून खूण करावी. पामेरियन किंवा पग असेल तर चौऱ्याऐंशी. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला त्या तारखेचे बोलावणे द्यावे. द्यायच्या आदल्या रात्री आईच्या अंथरुणातले फडके काढून ठेवावे आणि पिल्लाबरोबर बांधून द्यावे. नव्या घरी पहिल्या दोन-तीन रात्री ते रडते. त्या फडक्याच्या वासाने लवकर निजते. सोबत जंताचे औषध कधी दिले, लस कोणती झाली, पुढची कधी, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि चिठ्ठीच्या शेवटी पिसाळ रोगाच्या लसीची तारीख ठळक लिहावी.