दुसऱ्या अटेम्प्टची मार्कशीट

कन्हानमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कागद स्कॅन होत होते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मार्कशीट, इंटर्नशिप संपल्याचा दाखला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर. आमच्या शेजारची मुलगी डॉक्टर झाली आहे, वडील वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणीत. एमडीच्या प्रवेशासाठी फाईल लावायची होती, म्हणून मी सोबत गेलो. दुकानदार प्रत्येक पीडीएफची साइज कमी करून नाव बदलून ठेवत होता. पहिल्या वर्षाच्या दोन मार्कशीट निघाल्या. उन्हाळी परीक्षेत अ‍ॅनॅटॉमीत नापास, हिवाळीत पास.

“काकाजी, हे पाहतील का जी?” तिने हळूच विचारलं.

पाहतील, पण मोजणार नाहीत. नीट-पीजी म्हणजे २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. त्यातून जी रँक येते तिच्यावरच सीईटी सेल राज्याच्या जागा वाटतो. एमबीबीएसच्या मार्कशीट लागतात त्या फक्त पदवीचा पुरावा म्हणून. एकेकाळी महाराष्ट्रात एमबीबीएसच्या गुणांवरच एमडीची जागा ठरायची. तेव्हा पहिल्या वर्षाचा लाल शेरा खरंच आयुष्यभर मागे लागायचा.

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या पोराचं पहिलं वर्ष शरीररचनेपेक्षा इंग्रजीशीच झुंजण्यात जातं. त्याला ही रँकची पद्धत दुसरी संधी देते, आणि मला ते न्याय्य वाटतं. पण याच पद्धतीत वॉर्डात रात्र-रात्र राबलेल्या विद्यार्थ्याची मेहनतही शून्य धरली जाते. वर २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरायला पात्रतेची पर्सेंटाइलच शून्यावर आणली! म्हणजे पात्रताही नावापुरतीच.

नागपूरच्या मिहानमधल्या एम्सची गोष्ट मात्र वेगळी. तिथला प्रवेश आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून होतो आणि त्यासाठी एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांचे मिळून किमान ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. म्हणजे जुने गुण इथे दारातच अडवू शकतात. आम्ही काउंटरवरच मोबाइल काढून बेरीज केली. तिचे ५८ च्या वर भरले. दुकानदारही मान वर करून म्हणाला, “झालं मग!”

अमेरिकेला जाणाऱ्यांचं आणखी निराळं. रेसिडेन्सीच्या अर्जासोबत कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट आणि डीनचं पत्र जातं. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेच्या स्टेप वनमध्ये गुण बंद होऊन नुसतं पास-नापास उरलं, त्यामुळे बाकीच्या कागदांचं वजन वाढलं. तिथे अ‍ॅनॅटॉमीचं ते उन्हाळी नापास लपत नाही, विचारलं तर सांगावं लागतं.

सध्या पहिल्या वर्षात असलेल्यांना अडचण दुसरीच आहे. २०२३ च्या नियमांनुसार पहिलं वर्ष पास व्हायला चारच संधी आहेत आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो.

तेव्हा पालकांनो, नापासाची मार्कशीट लाजेपायी फाडू नका, फाईलमध्येच राहू द्या. आणि एम्सचा अर्ज भरण्याआधी सगळ्या वर्षांच्या गुणांची बेरीज एकदा स्वतः करून पाहा.