रानकुत्रे मोजायचे कसे?

वाघांचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजता येतात. रानकुत्र्यांचं (कोळसून म्हणतात ते हेच) तसं नाही. सगळे तांबूस, सगळ्यांच्या शेपट्या काळ्या झुपकेदार. दहा फोटो म्हणजे दहा प्राणी, की एकच दहा वेळा? सांगता येत नाही. मग उरते विष्ठा.

विष्ठेच्या बाहेरच्या थराला आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यातल्या डीएनएवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो. तोच प्राणी पुन्हा किती वेळा सापडला, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. आतल्या भागात चितळाचे केस, हाडांचे तुकडे. तो आहाराच्या अभ्यासाला. नमुना घेताना ही गल्लत नको.

पेंच, नागझिऱ्यात हे काम हिवाळ्यात बरं पडतं. पाऊस नसतो, ओलीने डीएनए लवकर खराब होत नाही. कळप बऱ्याचदा वाटांच्या तिठ्यावर एकाच जागी विष्ठा टाकतो, तेव्हा शोधायचं तिथेच. फक्त गावातली कुत्रीही त्याच वाटांनी फिरतात, त्यामुळे प्रजातीची खात्री आधी डीएनएने करायची, नजरेने नाही.

मात्र हिवाळा हा पिलांचाही मोसम. ताजे ठसे बिळाकडे जाताना दिसले की मागे फिरायचं, नमुने कमी पडले तरी. माणसाचा त्रास झाला तर पिलं दुसरीकडे हलवली जातात, आणि लहान पिलांसाठी ते धोक्याचं.

आणि हो, अभयारण्यातून विष्ठा उचलायलाही वनविभागाची परवानगी लागते. वन्यजीव विभागाचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. हिवाळ्यात जायचंय ना? अर्ज उन्हाळ्यातच टाका.