मेंदूतील वाटांचा नकाशा

मानवी मेंदूचा छेद घेतला असता त्यात दोन रंगांचे भाग दिसतात. वरचा थर करडा असून त्यात मज्जापेशी असतात. आतील पांढुरका भाग या पेशींपासून निघालेल्या तंतूंचा बनलेला असतो. तंतूंभोवतीच्या मायेलिन नावाच्या स्निग्ध आवरणामुळे त्यास हा रंग येतो. चालणे, बोलणे, पाहणे यांसंबंधीचे संदेश या तंतूंतून धावतात. हे तंतू कोठून कोठे जातात, हे पूर्वी मृत मेंदू उकलून पाहावे लागे. मग जिवंत मनुष्याच्या मेंदूतील वाटा कशा शोधाव्यात?

येथे पाणी उपयोगी पडते. पाण्याचे रेणू कधीच स्थिर नसतात. भांड्यातील पाण्यात ते सर्व दिशांना सारखेच पसरतात. या क्रियेस विसरण म्हणतात. तंतूंच्या जुडग्यात मात्र त्यांना लांबीच्या दिशेने मोकळीक मिळते व आडव्या दिशेने अडथळा होतो. म्हणजेच पाणी कोणत्या दिशेने अधिक सरकते हे कळले, की तंतूंची दिशाही कळते.

चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे एम. आर. आय. यंत्रात पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळतो. चुंबकक्षेत्र एका दिशेने क्षणभर क्रमाने वाढते ठेवले आणि थोड्या अवधीने तो परिणाम उलटविला, तर स्थिर रेणूंचा संकेत पूर्ववत होतो, सरकलेल्यांचा क्षीण होतो. ही रीत स्टेस्काल व टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. बॅसर, मॅटिएलो व ल बिहाँ यांनी १९९४ मध्ये किमान ६ दिशांच्या मापांवरून प्रत्येक ठिकाणची मुख्य दिशा काढण्याचे गणित दिले. अशा दिशा एकापुढे एक जोडीत गेले म्हणजे वाटेची रेषा उमटते. मेंदूतील गाठ काढताना हालचालीच्या वाटेस इजा होऊ नये, म्हणून शल्यविशारद या नकाशाचा आधार घेतात.

परंतु यंत्र तंतू पाहत नाही. पाण्याच्या गतीवरून त्यांचे अनुमान करते. प्रतिमेतील सुमारे २ मिलिमीटर बाजूच्या एका घनात लाखो तंतू मावतात. तेथे दोन वाटा एकमेकींना छेदीत असतील, तर एकच मुख्य दिशा सांगणारे गणित फसते. अधिक दिशांनी मापन करणाऱ्या नव्या रीतींनी ही अडचण कमी झाली, पण संपली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २० संशोधक-गटांनी, खऱ्या वाटा आधीच ठाऊक असलेल्या कृत्रिम प्रतिमेवर आपापल्या रीती चालविल्या. बहुतेक रीतींना खऱ्या वाटांचा माग लागला. परंतु त्याहून अधिक संख्येने अस्तित्वातच नसलेल्या वाटाही उमटल्या.

म्हणूनच नाजूक शस्त्रक्रियेत केवळ या नकाशावर विसंबून चालत नाही. मेंदूस सौम्य विद्युत्-उत्तेजन देऊन, रोग्याची हालचाल किंवा वाणी तपासून, वाटेची खात्री करून घेतली जाते.