शहर पालिकेचें, पोलीस सरकारचा

जळगांवच्या फुले मार्केटांत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर रहदारी तुंबली, दुकान फुटलें, किंवा मध्यरात्रीं कर्णा वाजूं लागला, म्हणजे त्रासलेला गृहस्थ पुष्कळदां प्रथम नगरसेवकाकडे धांव घेतो. नगरसेवकही "पोलिसांना सांगतों" असें म्हणून त्याची बोळवण करतो. या साध्या संभाषणांत एक जुना गैरसमज दडलेला आहे. रस्ते, गटारें, दिवे, पाणी आणि आगीचे बंब हीं महानगरपालिकेचीं. पोलिसांपैकीं मात्र एकही शिपाई तिचा नोकर नाहीं. त्याचा पगार, बदली, बढती यांपैकीं कशावरही महापौरांचा अधिकार चालत नाहीं. अमेरिकेंत लहानशा गांवालाही पुष्कळदां स्वतःचें पोलीसखातें असतें. भारताच्या राज्यघटनेनें पोलीस हा विषय राज्यांकडे सोंपविला आहे, व महाराष्ट्रांत साऱ्या राज्याचें पोलीसदल एकच आहे. तेव्हां जळगांवचा पोलीस म्हणजे जळगांवांत नेमलेला महाराष्ट्राचा पोलीस, इतकाच त्या शब्दांचा अर्थ.

खानदेशांत ही घडण कशी झाली हें पाहणें मौजेचें आहे. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत आला, तेव्हां डोंगरांच्या आश्रयानें राहणाऱ्या भिल्लांशीं नव्या सरकारचा झगडा सुरू झाला. केवळ फौजेच्या जोरावर तो मिटेना. अखेर १८२५ सालीं जेम्स औट्रम या अधिकाऱ्यानें भिल्लांतूनच एक पलटण उभारली. धरणगांव हें तिचें ठाणें होतें. ज्यांचा बंदोबस्त करावयाचा त्यांनाच बंदोबस्ताचें काम द्यावें, ही युक्ति सफल झाली. पण ती पलटण लोकांना उत्तर देण्यासाठीं नव्हती, सरकारला उत्तर देण्यासाठीं होती. आणि पोलीसखात्याची ही जन्मखूण पुढें पुष्कळ काळ टिकली. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें बनलीं. जुनीं माणसें ज्यास ‘डी. एस. पी. साहेब’ म्हणत, तोच आजचा जिल्हा पोलीस अधीक्षक. १८९० सालच्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याची जागा १९५१ सालच्या मुंबई पोलीस कायद्यानें घेतली, आणि तोच आज महाराष्ट्र पोलीस कायदा या नांवानें चालू आहे.

जळगांव व धुळें या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ सालीं महानगरपालिका झाल्या. २०११ च्या शिरगणतींत जळगांवची वस्ती ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ भरली. तरीही नाशिक-पुण्याप्रमाणें या शहरांना पोलीस आयुक्त नाहीं. शनिपेठ, जिल्हापेठ, रामानंदनगर हीं जळगांवचीं ठाणीं काय, किंवा आझादनगर, देवपूर, चाळीसगांव रोड हीं धुळ्याचीं ठाणीं काय, सर्व त्या त्या जिल्ह्याच्या अधीक्षकाच्या हाताखालीं, आणि अधीक्षक नाशिक परिक्षेत्राच्या विशेष महानिरीक्षकाच्या हाताखालीं. चोरीदरोड्यांच्या मोठ्या तपासास स्थानिक गुन्हे शाखा, रहदारीस शहर वाहतूक शाखा, अशा शाखाही अधीक्षकाच्याच. धुळ्यास राज्य राखीव पोलीस बलाचा एक गट राहतो. पण तो शहराचा नव्हे, राज्यांत जेथें निकड असेल तेथें तो धाडला जातो.

आयुक्त असणें व नसणें हा फरक केवळ पाटीवरील नांवाचा नाहीं. जेथें आयुक्त असतो तेथें पोलिसांचा प्रमुख स्वतः कांहीं दंडाधिकारीही असतो. हुकूम काढणारा आणि हुकूम बजावणारा एकच. जळगांवांत व धुळ्यांत हे दोन हात वेगळे ठेवले आहेत. पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं शस्त्रें बाळगण्यास किंवा जमाव करण्यास मनाई करावयाची, तर ती जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, करतो. आणि जमावबंदीचा असा हुकूम राज्य सरकारच्या मंजुरीवांचून १५ दिवसांपलीकडे चालत नाहीं. जुन्या फौजदारी संहितेंतील जें १४४ वें कलम घरोघर माहीत होतें, तें १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १६३ वें कलम झालें आहे. तो हुकूमही दंडाधिकाऱ्याचा. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतो, पोलीस फक्त अभिप्राय देतात. तडीपारीचें उदाहरण तर बोलकें आहे. टोळीस हद्दपार करण्याचा अधिकार ५५ व्या कलमानें अधीक्षकास आहे; पण एकट्या इसमास ५६ व्या कलमाखालीं हद्दपार करावयाचें, तर पोलिसांनीं प्रस्ताव करावयाचा आणि प्रांतांनीं त्या इसमास नोटीस देऊन, त्याचें म्हणणें ऐकून निर्णय करावयाचा. मुदत फार तर २ वर्षांची, आणि ३० दिवसांत सरकारकडे अपील. पोलिसांस ही पद्धत संथ वाटते, व कित्येकदां ती संथ असतेही. परंतु माणसास त्याच्या गांवांतून घालवून देणें ही गोष्ट सावकाशीनेंच झालेली बरी.

मात्र दोन हात वेगळे असले, कीं संकटाच्या घटकेस ते एकमेकांची वाट पाहत बसण्याचा धोकाही असतो. १९७० सालच्या ७ मे रोजीं भिवंडींत दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशीं जळगांव पेटलें. ४० हून अधिक माणसें येथें प्राणांस मुकलीं. भिवंडी, जळगांव व महाड येथील या दंगलींची चौकशी न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें केली. पोलिसांच्या वर्तनावर, आणि विशेषतः भिवंडींतील गुन्ह्यांच्या तपासावर, त्या आयोगानें कठोर ताशेरे ओढले. धुळ्यांत ६ जानेवारी २०१३ रोजीं मच्छीबाजारांत खाणावळीच्या बिलावरून झालेल्या भांडणाची दंगल झाली, व पोलिसांच्या गोळीबारांत ६ जण मरण पावले. पुढें चित्रफिती बाहेर आल्या आणि मोडतोडीच्या आरोपावरून कांहीं पोलिसांनाच अटक झाली. बेकायदा जमाव पांगविण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊं शकतो, ठाण्याचा प्रमुख देऊं शकतो, आणि तो नसेल तर फौजदाराच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी देऊं शकतो. म्हणजे एखाद्या संध्याकाळीं शहराचें बरेंवाईट एका फौजदाराच्या जिभेवर येऊन ठेपतें. याच धुळ्यांत खुनी गणपति या भीषण नांवानें ओळखली जाणारी मिरवणूक मशिदीपाशीं येते, तेव्हां मशिदीतर्फे तिचें स्वागत होतें. बंदोबस्त तेथेंही असतोच. परंतु अशा वेळीं पोलिसास काठी उचलावी लागत नाहीं, आणि शांतता समितीच्या कंटाळवाण्या बैठकांचें मोल तेथें कळतें.

पोलीस कायद्याच्या ६४ व्या कलमांत गुन्ह्याच्या बेताची बातमी काढणें आणि गुन्हा घडूं न देणें हीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. हें काम वर्तमानपत्रांत दिसत नाहीं. तें चुकलें म्हणजे मात्र दिसतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें भटक्या जमातीच्या ५ निरपराध माणसांस ठार मारलें. अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. अशी अफवा जेवढ्या वेगानें धांवते, तेवढ्या वेगानें ठाण्याची गाडी धांवूं शकत नाहीं. म्हणून ती अफवा पोलिसांस आधींच कळली पाहिजे.

सामान्य कुटुंबाचा पोलिसांशीं संबंध येतो तो बहुधा फिर्यादीपुरता. येथें दखलपात्र आणि अदखलपात्र हा भेद समजून घेणें अवश्य आहे. चोरी, घरफोडी, जबर दुखापत यांसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळतांच ती लिहून घेणें ठाण्यावर बंधनकारक आहे, आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. शेजाऱ्याची शिवीगाळ यांसारखा अदखलपात्र मामला, ज्यास लोक ‘एन. सी.’ म्हणतात, त्याची नोंद होते, पण दंडाधिकाऱ्याच्या हुकमावांचून पोलिसांस तपास करतां येत नाहीं. भाडेकरू घर सोडीत नाहीं किंवा उसनवार परत मिळत नाहीं, एवढ्यासाठीं तर दिवाणी न्यायालयच गांठावें लागतें. तेथें पोलिसांनीं लक्ष घातलें नाहीं तर तो आळस नव्हे, मर्यादा आहे. "आमच्या हद्दींत घडलें नाहीं" हें उत्तर मात्र आतां चालत नाहीं. सुरतेच्या गाडींत एखाद्या धुळेकर बाईंचे दागिने गेले, तर त्यांनीं जळगांवास उतरून लोहमार्ग पोलिसांस गांठावें हें सोयीचें. परंतु धुळ्याच्या ठाण्यावरही फिर्याद शून्य क्रमांकानें नोंदवून पुढें पाठवावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गानें खबर दिली असल्यास ३ दिवसांच्या आंत सही करावी लागते. ठाण्यानें नोंदच नाकारली, तर हकीकत लेखी टपालानें अधीक्षकास पाठवावी, आणि त्यानेंही दाद न दिल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावें, असा मार्ग संहितेनेंच घालून दिला आहे. तपास कोठवर आला, हें ९० दिवसांच्या आंत फिर्यादीस कळविणें हेंही नव्या संहितेनें पोलिसांच्या माथीं टाकलें आहे.

अटकेचा अधिकार हा पोलिसांच्या हातांतील सर्वांत जड अधिकार. म्हणूनच त्यास सर्वांत अधिक लगाम आहेत. अटकेचें कारण सांगितलें पाहिजे, नातलगास किंवा मित्रास कळविलें पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे. स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं अटक करावयाची नाहीं. अगदीं अपवादाचा प्रसंग आलाच तर स्त्री अधिकाऱ्यानें दंडाधिकाऱ्याची आधीं परवानगी घेऊन ती करावयाची. साठीपलीकडील माणसास, ३ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीवांचून धरतां येत नाहीं. नुसती साक्ष हवी असेल तर स्त्रियांस, १५ वर्षांखालील मुलांस आणि ६० वर्षांवरील वृद्धांस ठाण्यावर बोलावण्याचा अधिकार पोलिसांस नाहीं. अधिकाऱ्यानें त्यांच्या घरीं गेलें पाहिजे. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाहीं, हा जुना नियम नव्या साक्ष्य अधिनियमानेंही कायम ठेवला आहे. पोलीस कोठडी व तुरुंग यांचा घोटाळाही पुष्कळ जण करतात. तुरुंग हें वेगळें खातें आहे. धुळ्याच्या ज्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, तेथें अधीक्षकाचा शिपाई कैदी पोंचवितो आणि दारांतून परत फिरतो.

अधिकारांची ही यादी सर्वांस थोडीफार ठाऊक असते. ६६ वें कलम मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं, आणि पोलीस कायद्यांतील सर्वांत माणुसकीचा भाग तोच आहे. रस्त्यांत पडलेल्या असहाय माणसास मदत करावी. अटकेंतील जखमी किंवा आजारी माणसास औषधपाणी व प्रत्येक बंदिवानास अन्न आणि आसरा द्यावा. झडती घेतांना विनाकारण उद्धटपणा करूं नये. स्त्रिया व मुलें यांच्याशीं सभ्यतेनें आणि सौम्यपणें वागावें. आगीनें नुकसान होऊं नये म्हणून झटावें. बंब पालिकेचा असला तरी आगीपाशीं पोलिसाचें कर्तव्य संपत नाहीं. जळगांव शहरांतून जाणाऱ्या जुन्या ६ क्रमांकाच्या, आतांच्या ५३ क्रमांकाच्या राजमार्गावर अपघात झाला, म्हणजे जखमीजवळ पंचनाम्याच्या आधीं मदत पोंचली पाहिजे, याचा आधार हेंच कलम. आणि २८ व्या कलमानें तर रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस सदैव कामावर असल्याचें मानलें आहे. ज्या नोकरींत कायद्यानेंच घड्याळ काढून घेतलें, त्या नोकरींतील माणूस कित्येकदां चिडका कां होतो, याचाही विचार सुज्ञ घरांतून व्हावयास हरकत नाहीं.

त्रास देण्याच्या बुद्धीनें विनाकारण झडती किंवा अटक करणाऱ्या पोलिसास त्याच कायद्यांत शिक्षा सांगितली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या प्रकाश सिंह प्रकरणांतील निर्णयानंतर महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा दुरुस्त केला व राज्याच्या आणि विभागाच्या पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. खानदेशांतील नागरिकाचा विभाग नाशिक. तक्रार लेखी असावी, तींत तारीख, वेळ, ठाण्याचें नांव आणि ठाऊक असल्यास पोलिसाच्या छातीवरील पट्टीचें नांव यावें, आणि तिची एक प्रत घरीं जपून ठेवावी.